नेपाळी गड्यांचा हिशोब मेअखेरीस नको, महिन्याच्या महिन्याला करा

पाऊस लागायच्या आत रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या बागा उतरतात, 1 जूनला मासेमारी बंद होते. राखणीचे गुरखे आणि बोटीवरचे नेपाळी खलाशी तेव्हाच गावाकडे निघतात. बऱ्याच ठिकाणी सबंध हंगामाचा हिशोबही तेव्हाच होतो, आणि तोही रोख. ही पद्धत मालकाच्या सोयीची आहे, गड्याच्या नाही.

गडी घरी कोणत्या वाटेने जातो ते बघा. मुंबईहून गोरखपूर आणि पुढे सोनौलीची सीमा, नाहीतर दिल्लीच्या आनंद विहारहून बसने बनबसाची सीमा. पश्चिम नेपाळातल्या अछाम-बझांग जिल्ह्यांकडच्यांची वाट ही दुसरी. सगळी कमाई कमरेला. गाडीत चहातून गुंगी देऊन लुबाडणारे अशाच माणसांच्या मागावर असतात. 1950 च्या करारामुळे सीमेवर व्हिसा लागत नाही, अडतं ते नोटांवर. 2018 च्या डिसेंबरात नेपाळने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. नियम मागेपुढे होत राहतात, पण पाचशेच्या गड्ड्या घेऊन निघालेला माणूस दलालाच्या तावडीत सापडतोच. सरकारी दर ठरलेला, शंभर आयसीला (भारतीय रुपयांना) एकशे साठ एनसी (नेपाळी रुपये). दलाल त्यातूनही कापतो.

यावर 2008 पासून रिझर्व्ह बँकेची योजना आहे. शाखेत 'इंडो-नेपाळ रेमिटन्स' असं नाव घेऊनच विचारा, नाहीतर काउंटरवरून "होत नाही" ऐकून परत याल. गड्याचं इथे खातं नसलं तरी चालतं. रोखीने एका वेळी 50,000, वर्षातून 12 वेळा. खात्यातून 2 लाखांपर्यंत. ओळखीसाठी मालकाने दिलेला दाखलाही योजनेत धरला आहे. म्हणजे अर्धं काम तुमच्या लेटरहेडवर होतं! 80,000 शेवटी एकदम दिलेत तर रोखीने एका फेरीत जाणार नाहीत. महिन्याला दिलेत तर प्रश्नच नाही.

आखातात जाणाऱ्या नेपाळ्याला श्रमपरवाना लागतो, त्यासोबत विमा येतो. भारतात यायला परवानाच लागत नाही, म्हणून तो विमाही नाही. आंब्याच्या कलमावरून गडी पडला तर खर्च कोणाचा, हे हंगामाआधीच कागदावर घ्या.

आणि पत्ता नीट लिहा. जुन्या नागरिकतेवर (नेपाळी नागरिकत्वाच्या दाखल्यावर) जुन्या गाविसचं, म्हणजे गाव विकास समितीचं, नाव असतं, 2017 नंतर गावपालिका झाल्या. 'जिल्हा अछाम' एवढ्यावर घर सापडत नाही. आत्ताची पालिका, वॉर्ड नंबर आणि घरच्यांचा नेपाळातला फोन, तिन्ही वहीत हवेत.