‘फ्री इन्स्टॉलेशन’चे पैसे कोण भरतं, सांगू का?

आज पुण्यात धायरीला एका सोसायटीत चौथ्या मजल्यावर इंटरनेटचं कनेक्शन लावताना घामाघूम होऊन मी म्हणालो, "काका, जरा पाणी मिळेल का?" तर काका चष्म्यावरून बघत म्हणतात, "जाहिरातीत इन्स्टॉलेशन फ्री लिहिलंय. चहापाणी वगैरे काही मिळणार नाही."

अहो, पाणी मागितलं मी. पाणी! नळाचं!

तिथून डोकं जे सटकलंय ते अजून जागेवर नाही. म्हणून आज लिहितोच. फायबरचं कनेक्शन लावणारा पोरगा महिन्याला किती कमावतो, याबद्दल लोकांच्या डोक्यात काय काय कल्पना असतात. "टेलिकॉममध्ये आहेस? मग मजा आहे बाबा तुझी!" गावाकडे तर मी कंपनीत इंजिनिअर आहे. आईनेच सांगितलंय सगळ्यांना, मी काय बोलणार.

तर ऐका मजा. मला पगार नाही. मला कनेक्शनमागे ३०० रुपये मिळतात. कनेक्शन लागलं, ग्राहकाने ओटीपी दिला, ॲपमध्ये फोटो चढला, तर ३००. यातलं एक जरी राहिलं तर शून्य. वॉचमनने आत सोडलं नाही, शून्य. सेक्रेटरी म्हणाले आधी सोसायटीचं पत्र आणा, शून्य. डक्टमध्ये आधीच्या सात कंपन्यांच्या वायरी इतक्या कोंबल्यात की उंदीरसुद्धा अंग चोरून जातो, म्हणून वायर वर गेली नाही, तरी शून्य. दोन तास घासून झाल्यावर मॅडमना आठवलं की हॉलमध्ये परवाच पीओपी केलंय, भोक पाडायचं नाही, मिस्टरांना विचारून कळवते. शून्य! त्या दोन तासांचं काय करायचं ते कुठल्याच ॲपमध्ये लिहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात माझी ५८ कनेक्शनं झाली. बरा महिना होता. १७,४०० रुपये. मित्र म्हणतात, वाईट काय आहे? थांबा. त्यातून १ टक्का टीडीएस गेला, १७४. कारण कागदावर मी कामगार नाहीच, मी ‘व्हेंडर’ आहे! टीशर्ट त्यांचा, ओळखपत्र त्यांच्या लोगोचं, किती वाजता कुठे पोचायचं ते त्यांच्या ॲपवर, पण मी आपला स्वतंत्र व्यावसायिक. उत्पन्न करपात्र नाही, त्यामुळे तो टीडीएस परत मिळतो, रिटर्न भरला की. वर्षाचे दोनेक हजार परत मिळवायला रिटर्न भरून देणारा ७०० घेतो. पुढे, पुन्हा तक्रार आली म्हणून सात ठिकाणचे १०० प्रमाणे ७०० कापले. पेट्रोल ३,३००, कारण रोज पन्नास-पंचावन्न किलोमीटर गाडी पळते आणि पेट्रोल शंभरी ओलांडून बसलंय. गाडीचं ऑइल-पंक्चर ५००. कनेक्टर, क्लिपा, टेप, टाय हे सगळं ६००, कारण ठेकेदार मोजून देतो आणि ते कधीच पुरत नाही. रिचार्ज ३५०. (इंटरनेट लावणाऱ्याला इंटरनेट स्वतःच्या पैशाने. हसू नका.)

हातात राहिले ११,७७६. नऱ्ह्यात चार जणांत एक खोली आहे, तिचे अडीच हजार त्यातूनच.

पीएफ? नाही. ईएसआय, म्हणजे कामगारांचा दवाखान्याचा विमा? नाही. मागे एकदा ठेकेदाराला विचारलं, तर म्हणाला, "तुझा पगारच नाही तर पीएफ कशावर कापू?" आता यावर काय बोलायचं! लॉजिक एकदम बरोबर. २१,००० पर्यंत पगार असला तर ईएसआय लागू होतो, कामगाराचे पाऊण टक्का आणि मालकाचे सव्वातीन टक्के, एवढंच तर आहे. मी शिडीवरून पडलो तर दवाखान्याचा खर्च निघाला असता. ते सव्वातीन टक्के वाचवायला माणसाचं नावच बदलून टाकलं. कामगार म्हणायचंच नाही, की झालं.

आणि ही ३०० ची गोष्ट वरून अशी निघत नाही बरं का. वर कंपनी, तिच्याखाली एरियाचा पार्टनर, त्याच्याखाली ठेकेदार, त्याने पुन्हा काम वाटलेला अजून एक भाऊ, आणि त्याच्याखाली मी. वरून एका कनेक्शनचे किती सुटतात हे आम्हाला कोणी सांगत नाही. विचारलं तर "तुला काय करायचंय, तुझे ३०० येतात ना" एवढंच. आणि तेही येतात कधी? "बिल पास झालं की." हे बिल म्हणजे दहावीला बसलेलं पोरगं, कधी पास होईल सांगता येत नाही. काम मार्चचं, पैसे मेच्या मध्यात. घरमालकाला सांगून बघा एकदा की भाड्याचं बिल पास झालं की देतो.

पण सगळ्यात जास्त डोकं कशाने फिरतं माहितीये? त्या १०० रुपयांच्या कापण्याने. तीस दिवसांत त्याच घरातून पुन्हा तक्रार आली तर दंड माझा. का आली, कोणामुळे आली, कोणी बघत नाही.

जरा समजून घ्या. फायबर म्हणजे काच. बाहेरून १२५ मायक्रॉन, म्हणजे केसाएवढी, आणि प्रकाश चालतो तो आतल्या ९ मायक्रॉनमधून. एक्स्चेंजकडून निघालेला प्रकाश वाटेत वाटला जातो, स्प्लिटर लावून. एकाचे आठ केले की साधारण १० डीबी (प्रकाशाची ताकद मोजायचं माप) जातात. घरी पोचेपर्यंत पॉवर मायनस २० ते २५ च्या आसपास असेल तर सगळं छान. मायनस २७ च्या खाली गेली की डबा आचके द्यायला लागतो, राउटरवर लाल दिवा लुकलुकतो, आणि काकांची मॅच बंद. आता एरियावाल्याने नवीन कोअर, म्हणजे केबलमधला काचेचा धागा, ओढायचा खर्च वाचवायला आहे त्याच स्प्लिटरच्या पुढे दुसरा स्प्लिटर ठोकला, त्याच्यापुढे तिसरा, तर घरी प्रकाश उरणार किती? मी मीटर लावतो, मायनस २८.५ दाखवतं. फोन करून सांगतो की वरूनच पॉवर कमी आहे. उत्तर येतं, "तू लावून टाक, चालतंय." लावलं. चालतंय दोन दिवस. तिसऱ्या दिवशी ढग आले, कुठेतरी वायरीला झोल पडला, लाल दिवा! तक्रार कोणाच्या नावावर? माझ्या. खर्च वाचला कोणाचा? आणि १०० गेले कोणाचे? असं करता करता सातातले निदान चार तरी माझे नव्हते, पॉवर मीटरचे फोटो आहेत माझ्याकडे, पाठवले तर निळी टिक येते, बाकी काही नाही.

माझे मोठे काका बार्शीला टेलिफोनमध्ये लाइनमन होते. आधी खात्यात, मग १ ऑक्टोबर २००० ला बीएसएनएल झालं तेव्हा तिकडे. तांब्याची तार, खांबावर चढायचं, पावसाळ्यात केबलच्या जॉइंटमध्ये पाणी गेलं की अख्खी आळी मुकी. लोक शिव्या घालायचे, नाही असं नाही. पण महिना झाला की पगार, दिवाळीला बोनस, आजारी पडले तर दवाखाना. त्या नोकरीवर त्यांनी घर बांधलं, दोन पोरी उजवल्या. २०१९ ला सरकारने पॅकेज आणलं आणि स्वेच्छानिवृत्ती काढली, तेव्हा ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलमधून एका दिवसात ७८ हजारांवर माणसं घरी गेली. त्यात काकाही. त्यांना पेन्शन आहे. तक्रार करत नाहीत. पण जे काम ती माणसं करायची ते काम काय संपलं का हो? घरं वाढली, तारा वाढल्या, प्रत्येक घरात चार-चार मोबाइल आणि एक टीव्ही नेटवर. काम तेच, खांबही तेच. नोकरी तेवढी गेली, आणि तिच्या जागी ३०० रुपये आले.

मागच्या पावसाळ्यात सांगत होतो त्यांना माझं, तर म्हणाले, "आमच्या टायमाला पाऊस पडला तर आमाला ओव्हरटाइम मिळायचा रे. तुला दंड हुतोय."

पावसाळा हा आमच्या धंद्यातला दुष्काळ. नवीन कनेक्शन कोणी घेत नाही, घेतलं तरी गच्चीवरून वायर टाकता येत नाही. त्या बदल्यात फॉल्ट वाढतात, आणि फॉल्टचा दर ८० रुपये. ८० रुपयांत ओल्या लोखंडी खांबावर, शेजारून लाइटची जिवंत तार गेलीय, तिथे शिडी टेकवायची. बेल्ट? एक आहे, चौघांत. त्याचा फोटो काढून ॲपमध्ये टाकायचा असतो, म्हणून जपून ठेवलाय. सेल्फीत हेल्मेट दिसलं पाहिजे, डोक्यावर नसलं तरी चालतं.

आणि मग जेसीबी. रस्ता खणायला आला की पहिला घास आमच्या केबलचा. सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप काढलं, खणायच्या आधी कळवा म्हणून. उत्तम कल्पना आहे. मी एका जेसीबीवाल्याला विचारलं, हे ॲप आहे का तुझ्याकडे? तो म्हणाला, "भावा, माझ्याकडं डिझेल नाय." कट झाला की रात्री दोनला फोन येतो. २४ कोअरची केबल, एकेक कोअर रंग बघून जुळवायचा, निळा, नारंगी, हिरवा, तपकिरी, मोबाइलच्या उजेडात, खड्ड्यात पाय टाकून. आणि खांबांवरून वायरींचे जे घोळके लोंबतात ते शहराला शोभत नाहीत हे मलाही मान्य आहे, त्यातले अर्धे आम्हीच टांगलेत. पण तारा कापायची गाडी येऊन गेली की दुसऱ्या दिवशी शंभर घरांचे फोन मला. कापणाऱ्याला नाही, परवानगीशिवाय टांगायला लावणाऱ्यालाही नाही.

हो, कोअर जोडणाऱ्या स्प्लायसरला बरे पैसे मिळतात, ते मी नाकारत नाही. आमच्यातला एकजण महिन्याला पंचवीस हजार सोडून खाली येत नाही. पण त्याच्याकडे काच जोडायचं स्वतःचं मशीन आहे. मला काम येत नाही का? येतं. स्प्लायसरचा कोर्स केलाय, सर्टिफिकेट आहे, जोडात फक्त ०.०२ डीबीचा लॉस काढून दाखवतो. सर्टिफिकेट दाखवल्यावर ठेकेदाराचा प्रश्न एकच, "मशीन हाय का?" चांगलं मशीन म्हणजे लाखाची गोष्ट, आणि ११,७७६ वाल्याला हप्त्यावर मशीन कोण देणार? त्यासाठी पगाराची स्लिप लागते. आलं का लक्षात? स्लिप नाही म्हणून मशीन नाही, मशीन नाही म्हणून ३००. कारागीर असून बिगारी!

(काचेचे तुकडे बोटात जातात ते वेगळंच. दिसत नाहीत, नुसते टोचतात. भाकरी मोडताना कळतं कुठे आहे ते.)

परवा बातमी वाचली पुन्हा, भारतनेटच्या नव्या टप्प्याची. २०२३ च्या ऑगस्टमध्ये १ लाख ३९ हजार कोटींवर मंजूर झालेलं काम, गावागावात फायबर. आनंद आहे. माझ्याही गावात यावं. पण एवढ्या कोटींत त्या फायबरचं शेवटचं टोक घरात नेऊन लावणाऱ्याचा दर किती, हे मला एकाही बातमीत सापडलं नाही.

बरं, काकांचं काय झालं ते सांगायचं राहिलं. आजच्या काकांचं, पाणीवाल्या. त्यांना राउटर टीव्हीच्या कपाटात हवा होता, लाकडी दार लावून, कारण दिवे लुकलुकतात ते त्यांना आवडत नाहीत. मी सांगितलं, काका, आत ठेवला तर आतल्या खोलीत नेट येणार नाही, मध्ये दोन भिंती आहेत, हा फाइव्ह गीगाचा सिग्नल भिंतीत मरतो. "तू मला शिकवू नकोस." ठेवला कपाटात. फोटो काढला, ओटीपी घेतला, साडेतीन तास गेले होते. खाली येऊन गाडीला किक मारतो तोवर ॲप वाजलं. एक स्टार. ‘बेडरूममध्ये वायफाय येत नाही. टेक्निशियन नवखा वाटला.’

तक्रार माझ्या नावावर पडली आहे, चार तासांत सुटली नाही तर १०० जाणार. काका म्हणतात आज पाहुणे आहेत, उद्या या. उद्या सकाळी साडेनऊला पुन्हा तोच चौथा मजला, राउटर कपाटातून बाहेर काढायला, फुकट. लिफ्ट आहे, पण ती मेंबरांसाठी.