म्हणे ‘साहेबांच्या शिकारकथा’!

परवा मामाने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, ‘बघ तुमचे पक्षीवाले!’ मजकूर असा: बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, म्हणजे बीएनएचएस, ही पशुपक्ष्यांचा अभ्यास करणारी मुंबईची संस्था इंग्रजांनी इंग्रजांसाठी काढली. तिचं जर्नल म्हणजे साहेबांच्या शिकारकथा. आपले प्राणी मारून लंडनला धाडले. जर्नल सामान्य माणसाला बघायलाही मिळत नाही. आणि शेवटी कळस: गिधाडं मोबाइल टॉवरने मेली, तेव्हा ही मंडळी गप्प बसली आणि नंतर डायक्लोफेनॅक या गुरांच्या सूज-दुखण्यावरच्या इंजेक्शनवर खापर फोडून शेतकऱ्याचं स्वस्त औषध बंद पाडलं.

एरवी असलं काही मी न वाचता उडवते. पण मामाच्या दावणीला गुरं आहेत आणि ‘मिळालं तर तेच इंजेक्शन देऊ’ असं तो फोनवर म्हणाला. तेव्हा आता लिहिणं आलं.

‘इंग्रजांनी काढली’ हे आधी घेऊ. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत आठ जण जमले. त्यांतले दोघे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. पहिले प्रार्थना समाजाचे संस्थापक, दुसरे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला यांच्यात गोरं कोण दिसलं? जर्नल जानेवारी 1886 मध्ये सुरू झालं, तेव्हाचे संपादक एटकेन आणि स्टर्नडेल मात्र गोरे, हे खरं. त्यातही एटकेनचा जन्म साताऱ्याचा!

शिकारकथांचं मान्य करावंच लागेल. जुन्या अंकांत वाघ-बिबट्यांच्या शिकारीची टिपणं भरपूर आहेत आणि आज वाचताना अंगावर येतात. पण त्याच जर्नलच्या 34व्या खंडात पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा सुगरणीवरचा लेख आहे. नोकरी नव्हती म्हणून ते अलिबागजवळ किहीमला राहत होते आणि समोरच सुगरणींची वसाहत होती. त्यांनी बसून पाहिलं, तेव्हा कळलं की घरटं विणतो तो नर. ते अर्धवट झालं की माद्या तपासायला येतात. एखादीला पसंत पडलं की ती आत बस्तान बसवते, नर ते पुरं करतो आणि लगेच दुसरीसाठी दुसरं विणायला घेतो. यात बंदूक कुठे आली?

लंडनचं अर्धं खरं आहे. 1911 पासून सोसायटीने सस्तन प्राण्यांचा सर्व्हे केला, त्यातले कितीतरी नमुने ब्रिटिश म्युझियममध्ये गेले आणि आजही तिथेच आहेत. त्याचा राग येणं रास्त आहे. पण सर्व्हेचे अहवाल जर्नलमध्ये क्रमाने छापून आले, चोरून काही नेलं नाही. बघायला मिळत नाही म्हणाल, तर जुने खंड इंटरनेटवर फुकट आहेत. इंग्रजीत आहेत, हे खरं.

आता गिधाडं. ‘गप्प बसले’ वाचून माझं डोकंच फिरलं. बीएनएचएसचे डॉ. विभू प्रकाश राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात ऐंशीच्या दशकापासून गिधाडं मोजत होते. नव्वदच्या उत्तरार्धात पुन्हा मोजली, तेव्हा संख्या नव्वद टक्क्यांहून जास्त घसरलेली. पक्षी तासन्‌तास मान टाकून बसत आणि मग मरत. हे सगळं आकड्यांनिशी छापलं 1999 मध्ये, आणि ते याच जर्नलच्या 96व्या खंडात. दहा वर्षांपूर्वीची मोजणी हाताशी नसती, तर ‘हल्ली दिसत नाहीत बुवा’ यापलीकडे कुणाला काय म्हणता आलं असतं?

कारण मात्र त्या लेखात नव्हतं. सुरुवातीला संसर्गाचा संशय होता. उत्तर मिळालं पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांत, 2004 मध्ये: मूत्रपिंडं निकामी, आतड्या-काळजावर युरिक आम्लाचा पांढरा थर, आणि शरीरात डायक्लोफेनॅक. औषध दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, एवढंच. औषध दिलेल्या जनावराचं मांस गिधाडांना खाऊ घालून तपासलं, तर तीही तशीच मेली.

आणि टॉवर? भारतातला पहिला मोबाइल कॉल झाला 31 जुलै 1995 रोजी, कोलकात्याहून दिल्लीला. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत भरतपूरच्या रानात असे किती टॉवर उभे राहिले, की नव्वद टक्के गिधाडं संपावीत? टॉवरमुळे मूत्रपिंडावर पांढरा थर कसा चढतो, हेही कुणीतरी सांगावं.

राहिली औषध बंद पाडल्याची ओरड. 2006 मध्ये बंदी आली ती जनावरांच्या डायक्लोफेनॅकवर, माणसांना ते आजही मिळतं. माणसांच्या मोठ्या बाटल्या गुरांना टोचल्या जाऊ लागल्या, म्हणून 2015 मध्ये इंजेक्शनची बाटली 3 मिलिलिटरवर आणावी लागली. मामा, तुमच्या म्हसळ्याकडे अजून थोडी गिधाडं उरली आहेत. गाय लंगडली तर गुरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम माग. सूज-दुखण्यावर तेही चालतं आणि गिधाडांना त्याचा अपाय होत नाही. आणि तो फॉरवर्ड ज्या ग्रुपवरून आला, तिथे हे पाठव.