भुताने खुन्याचे नाव सांगू नये

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली, खून आणि भूत दोन्ही असणारी रहस्यकादंबरी हा प्रकार इंग्रजीत सध्या उदंड झाला आहे. अप्पा बळवंत चौकातून तो माझ्या अकरावीतल्या भाचीच्या दप्तरात येतो आणि तिचे वाचून झाले की माझ्याकडे. यांतल्या बऱ्याच कादंबऱ्या सुरुवातीला उत्तम पकड घेतात आणि शेवटच्या तीस पानांत घात करतात, कारण तिथे मृतात्मा प्रकट होऊन खुन्याकडे सरळ बोट दाखवतो. अशीच एक कादंबरी मिटवून भाची म्हणाली, “मावशी, शेवटी भुतानंच सांगितलं ना? मग ही मुलगी तीनशे पानं काय करत होती?” या साहित्यप्रकारावरचा याहून नेमका आक्षेप मी कोणत्याही परीक्षणात वाचलेला नाही.

रोनाल्ड नॉक्स या इंग्रज रहस्यकथालेखकाने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. त्यांतल्या दुसऱ्या नियमाने त्याने अलौकिक शक्तींना रहस्यकथेत सरसकट मज्जाव केला. (गृहस्थ स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते, हे विशेष.) कारण उघड होते: गुप्तहेराला जे धागेदोरे मिळतात तेच वाचकालाही मिळाले पाहिजेत, आणि भुताला विचारण्याची सोय वाचकाला नसते. मला हा नियम जरा जास्तच कडक वाटतो. भुताला कथेत साक्षीदार म्हणून खुशाल येऊ द्यावे. मात्र त्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नये, आणि त्याची साक्ष इतर कोणत्याही साक्षीइतकीच अपुरी, एकांगी, प्रसंगी दिशाभूल करणारी असावी.

हे पुणेकरांना तरी पटायला हरकत नाही, कारण आपल्या शहरातले सर्वांत प्रसिद्ध भूत नेमके असेच आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले, तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. अमावस्येच्या रात्री त्यांची “काका, मला वाचवा” ही हाक ऐकू येते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ही हाक पुरावा म्हणून कधी कोणी तपासून पाहिली आहे का? इतिहास माहीत नसलेल्या माणसाने केवळ तेवढेच वाक्य ऐकले, तर या मुलाचा एकमेव आधार त्याचा काका होता, असाच निष्कर्ष तो काढील. मरणाऱ्या मुलाला त्या क्षणी जे वाटले ते त्याच्या हाकेत आहे. कटात कोण होते ते तिच्यात नाही. ते शोधण्यासाठी रामशास्त्री प्रभुण्यांना चौकशी करावी लागली आणि तिचा रोख राघोबादादांपर्यंत गेला. अडीचशे वर्षे हाक मारणारे हे भूत आजही चुकीच्याच माणसाला हाक मारते आहे. रहस्यकथालेखकाला याहून सुंदर फसवा धागा कुठे मिळणार?

याला कायद्याचीही एक बाजू आहे. मरणाऱ्या माणसाने आपल्या मृत्यूच्या कारणाबद्दल केलेले कथन, म्हणजे मृत्युपूर्व जबाब, आपल्याकडे पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो. १८७२ च्या पुरावा कायद्यात ही तरतूद कलम ३२ मध्ये होती, २०२३ च्या नव्या कायद्यात ती कलम २६ मध्ये आहे. मेल्यानंतर दिलेल्या जबाबाची तरतूद अर्थातच कुठेही नाही. म्हणजे भुताने नायिकेला सगळे सांगितले, तरी फरासखाना पोलीस ठाण्यात जाऊन ती काय सांगणार? माहीत असणे आणि सिद्ध करता येणे यांच्यातले हे अंतर हाच या कादंबरीचा खरा विषय असू शकतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना ते अंतर रोजच सोसावे लागते. घरात काय चालले आहे ते त्यांना दिसत असते, पण बोलायला गेले की “तुला काय कळतंय त्यातलं” हे उत्तर तयार असते. म्हणूनच ही कथा प्रौढ नायकापेक्षा त्यांना अधिक शोभते.

परक्या व्हॅम्पायरांची तर आपल्याला मुळीच गरज नाही. मुंज झालेला पण सोडमुंजीआधी, म्हणजे ब्रह्मचर्य संपवणाऱ्या विधीआधी, वारलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो, ही आपली समजूत म्हणजे किशोरवयीन कादंबरीला आयतेच मिळालेले किशोरवयीन भूत आहे. कल्पना करा, कसब्यातला एक वाडा पुनर्विकासाला निघाला आहे आणि मागच्या जिन्याखाली एक वृद्ध भाडेकरू बाई मृतावस्थेत सापडते. परसातल्या पिंपळावरचा मुंजा १८९७ च्या प्लेगमध्ये गेलेला. पार सोडून त्याला जाता येत नाही, त्यामुळे त्याला फक्त मागचा जिना आणि स्वयंपाकघराची खिडकी दिसते. पुढच्या दिंडीतून कोण आले, हे त्याला ठाऊक नाही. तो एवढेच सांगतो की प्लेगवाले पुन्हा आले होते, तोंडाला फडके बांधून घरात औषध मारत होते. आता हे “प्लेगवाले” म्हणजे ढेकणांसाठी फवारणी करणारा माणूस, हे नायिकेने ओळखायचे, त्याला कोणी आणि कशासाठी बोलावले ते शोधायचे, फवारणीची पावती मिळवायची. ही नायिका वाड्यात धुणीभांडी करणाऱ्या बाईची मुलगी असेल तर आणखी एक पेच पडतो. त्या काळातला हा बटू तिच्या सावलीलाही बिचकणार आणि तिला मात्र त्याच्याकडूनच माहिती काढायची आहे. (खुनी बिल्डर निघू नये, एवढी माझी विनंती, तो संशय वाचकाला दुसऱ्याच पानावर येतो.)

ज्या शहरात २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्या शहरात मुलांना भुताखेतांच्या गोष्टी द्याव्यात का, असा प्रश्न मला एका स्नेह्यांनी विचारला. प्रश्न रास्त आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. ज्या कादंबरीत मांत्रिक खरा ठरतो, अंगारा लागू पडतो आणि शंका घेणारा तेवढा मूर्ख निघतो, ती मी भाचीला आणून देणार नाही. पण भूत जे सांगते तेही तपासून घ्यायचे असते, ही शिस्त जी कादंबरी पानोपानी पाळायला लावते, तिला अंधश्रद्धेच्या खात्यात टाकणे अन्यायाचे होईल.

एक तक्रार मात्र उरते. खुनी सापडताच भुताला मुक्ती मिळते, हा शेवट या प्रकारात इतका रुळला आहे की लेखक त्याचे कारणही देत नाहीत. माझ्या मुंजाला अशी मुक्ती मिळण्याचे काहीच कारण नाही. त्याचा खून झालेला नव्हता. त्याची सोडमुंज राहिली होती, आणि ती लावून देणे कोणत्याही पोलीस ठाण्याच्या अखत्यारीत येत नाही.