सतराव्या नंबरचा विजेता

लंडनच्या टॉटनम (स्पर्स) या फुटबॉल क्लबच्या 2024-25 च्या सीझनबद्दल मला दोनच मतं ऐकायला मिळतात. एक गट म्हणतो, चषक आला ना घरी, मग लीग गेली खड्ड्यात. दुसरा म्हणतो, प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या वीस टीमच्या लीगमध्ये, सतरावा नंबर म्हणजे नाक कापून घेणं, आणि युरोपा लीग, ही युरोपभरच्या क्लबांची स्पर्धा, जिंकणं म्हणजे लागलेली लॉटरी. मला दोन्ही पटत नाहीत. बचावफळी सतत वर चढवून खेळण्याच्या ज्या हट्टापायी लीगमध्ये वाट लागली, तो हट्ट कोच अँज पोस्टेकोग्लूने युरोपात सोडला, आणि सोडला म्हणूनच तो जिंकला. दुर्दैव एवढंच, की माणूस शहाणा झाला आणि क्लबने त्याला नारळ दिला.

आधी लीगचं बघू. 38 मॅच, 22 पराभव, 38 गुण. पण गोलांचा हिशोब काढा. 64 केले, 65 खाल्ले. चौथ्या नंबरवर आलेल्या चेल्सीचेही गोल 64च होते! म्हणजे गोल करणाऱ्यांची बोंब नव्हतीच. एटिहादवर जाऊन मँचेस्टर सिटीला 4-0 धुणारी हीच टीम, आणि त्याच नोव्हेंबरात घरच्या मैदानावर इप्सविचकडून 2-1 हरणारीही हीच. डिसेंबरात चेल्सीविरुद्ध अकराव्या मिनिटाला 2-0 पुढे होते, ती मॅच 4-3 ने घालवली. त्याच महिन्यात लिव्हरपूलने घरात येऊन सहा घातले.

आम्ही स्पर्सवाले इथे लगेच दुखापतींची यादी काढतो. खोटी नाही ती. मधल्या बचावात खेळणारे (सेंटर बॅक) रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन, गोलकीपर विकारिओ, सगळे एकाच वेळी बाहेर, आणि अठरा वर्षांचा मिडफिल्डर आर्ची ग्रे सेंटर बॅक म्हणून उभा. पण चेल्सीविरुद्धच्या त्याच मॅचमध्ये रोमेरो आणि व्हॅन डे व्हेन परतले होते, आणि दोघंही पुन्हा लंगडत बाहेर गेले. बचावफळी अर्ध्या मैदानापर्यंत वर चढवायची आणि मागे पडलेल्या बॉलमागे सेंटर बॅकना दर पाच मिनिटांनी जिवाच्या आकांताने पळवायचं, तर हॅमस्ट्रिंग किती दिवस तग धरणार? 2023 मध्ये चेल्सीविरुद्धच नऊ जण उरलेले असतानाही या माणसाने बचावाची लाइन खाली घेतली नव्हती. तेव्हा आम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या म्हणा.

आता युरोपचं बघा. क्वार्टर फायनलच्या दोन मॅचपैकी (लेग) पहिली फ्रँकफर्टबरोबर घरी 1-1 सुटली. दुसऱ्या लेगला जर्मनीत सोलंकेची एक पेनल्टी, बाकी वेळ दार बंद. सेमीफायनलला नॉर्वेत, आर्क्टिक सर्कलच्याही वर, बोडो/ग्लिम्टच्या कृत्रिम गवतावर 2-0. मग बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडविरुद्धची फायनल 1-0. घराबाहेरच्या तीन निर्णायक मॅच, आणि खाल्लेले गोल शून्य. लॉटरी अशी सलग तीनदा लागते का?

फायनल आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू झाली आणि खरं सांगायचं तर बघायला भिकार होती. लीगमधल्या सोळाव्या आणि सतराव्या नंबरच्या टीम, आणि खेळही नंबराला साजेसा. 42 व्या मिनिटाला सारचा क्रॉस आला, ल्यूक शॉच्या अंगाला लागला, ब्रेनन जॉन्सनचा पाय पोचला न पोचला, आणि बॉल कसाबसा लाइनपलीकडे. त्यानंतर टॉटनमने जवळपास फक्त बचाव केला. सगळ्या मॅचमध्ये शॉट तीन, युनायटेडचे सोळा. 68 व्या मिनिटाला विकारिओ गोल सोडून पुढे आला, बॉल हातातून निसटला आणि होयलंडने हेडर रिकाम्या गोलच्या दिशेने टाकला. व्हॅन डे व्हेन गोलकडे तोंड करून धावत होता. त्याने हवेत अंग मागे टाकलं, पाय डोक्याच्याही वर नेला आणि बॉल लाइनवरून मागे खेचला. शेजारी उठतील म्हणून मी तोंडावर उशी दाबून ओरडलो.

पण माझ्या लेखी त्या रात्रीचा खरा क्षण दहा मिनिटांनी आला. गोल करणारा विंगर जॉन्सन बाहेर, डान्सो हा सेंटर बॅक आत. मागे पाच जण. हे पोस्टेकोग्लूने केलं! 2023 चा पोस्टेकोग्लू असता तर त्याने आणखी एक विंगर उतरवला असता.

आणि अखेर घोडं गंगेत न्हालं. 2008 च्या लीग कपनंतरचा पहिला चषक, 1984 नंतरचा पहिला युरोपीय. 2015 पासून इथे घाम गाळणारा, 2019 ची चॅम्पियन्स लीग फायनल आणि 2021 ची लीग कप फायनल हरलेला सन ह्युंग-मिन कमरेला कोरियाचा झेंडा बांधून रडत होता. सकाळी ऑफिसात आर्सेनलवाल्यांनी 'सतरावे, सतरावे' करून भंडावलं. मी म्हटलं, चषक दाखवा, मग बोलू.

चारच दिवसांत ब्रायटनने घरी येऊन 4-1 ने हरवलं. आणि 6 जूनला, नेमणुकीला बरोबर दोन वर्षं होताना, पोस्टेकोग्लूची हकालपट्टी. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय. क्लबच्या निवेदनात कारण होतं, शेवटच्या 66 लीग मॅचमध्ये फक्त 78 गुण. आकडा बरोबर आहे. फक्त ही मोजणी त्याच्या पहिल्या 10 मॅच सोडून सुरू होते, ज्यात त्याने 26 गुण मिळवले होते. लीगचा निकाल इतका वाईट होता की काढायला कारण होतंच, हे मी नाकारत नाही. तरीही मी असतो तर आणखी एक सीझन दिला असता, कारण बिल्बाओत मागे पाच जण लावणारा तो कोच आम्ही लीगमध्ये सीझनभर कधी बघितलाच नव्हता. सतराव्या नंबरची शिक्षा म्हणून त्याला काढलं, ठीक आहे. त्या चषकाबरोबर त्याने मिळवून दिलेली चॅम्पियन्स लीगची जागा मात्र कोणी परत केली नाही.