तिसरा स्टास्नी

आइस हॉकीतल्या भावांचा विषय निघाला की एक जोडी हमखास चवीने सांगितली जाते. वेन ग्रेट्स्की आणि ब्रेंट ग्रेट्स्की. दोघांचे मिळून एनएचएलमध्ये, म्हणजे कॅनडा-अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या आइस हॉकी लीगमध्ये, २८६१ पॉइंट. त्यातले वेनचे २८५७ आणि ब्रेंटचे ४. (गोल केला तरी एक पॉइंट, गोलसाठी पास दिला तरी एक.) हे सांगायचं आणि हसायचं. मला याचा मनापासून राग येतो. ब्रेंट एनएचएलचे १३ सामने खेळला. कॅनडातली हजारो पोरं पहाटे उठून बर्फावर घाम गाळतात आणि त्यांना त्या लीगचा एकही सामना मिळत नाही. पण भाऊ वेन निघाला, म्हणून याच्या १३ सामन्यांचा विनोद झाला.

भावांना शेजारी उभं करून आकडे मोजायची ही खोड सगळ्यात जास्त नडली ती मारिआन स्टास्नीला. आज लिहायचंय ते त्याच्याबद्दल.

स्टास्नी भाऊ तीन. मारिआन १९५३ चा, पीटर १९५६ चा, आंतोन १९५९ चा. तिघंही तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या स्लोव्हाक भागातल्या ब्रातिस्लावाचे, तिघंही स्लोवान ब्रातिस्लावा क्लबचे. १९७९ मध्ये स्लोवानने चेकोस्लोव्हाकियाची लीग जिंकली. त्याआधी कुठल्याही स्लोव्हाक संघाला ते जमलं नव्हतं. मारिआन आणि पीटर १९७६ आणि १९७७ च्या विश्वविजेत्या संघातही होते. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकला तिघं एकत्र गेले.

तिघं एका लाइनमध्ये खेळायचे, हे नीट समजून घ्यायला हवं. या खेळात पुढचे तीन खेळाडू मिळून एक लाइन होते. ही लाइन बर्फावर उतरते, पाऊण-एक मिनिट जीव तोडून पळते आणि बाकावर परत येते, लगेच दुसरी उतरते. इतक्या कमी वेळात बघून, ठरवून पास देत बसलात तर संपलात. सोबतचा कुठे असणार हे आधीच ठाऊक असावं लागतं. मधे पीटर, डावीकडे आंतोन, उजवीकडे मारिआन. हे तर लहानपणापासून एकमेकांचे पास ओळखून होते.

मग आला ऑगस्ट १९८०. स्लोवानचा संघ स्पर्धेसाठी ऑस्ट्रियात इन्सब्रुकला होता. पीटरची बायको दारिना बरोबर होती, गरोदर. पीटरने तिथून कॅनडातल्या क्यूबेक नॉर्डिक्स या एनएचएल क्लबला फोन लावला. क्लबचे मार्सेल ओब्यू आणि जील लेजे तातडीने विमानाने आले. शेवटचा सामना झाल्यावर पीटर, दारिना आणि आंतोन रातोरात गाडीने व्हिएन्नाला पोहोचले आणि तिथून कॅनडाला. मायदेशी कम्युनिस्ट राजवट होती, परतीचा रस्ता बंद.

मारिआनही त्याच इन्सब्रुकमध्ये होता. पण त्याची बायको आणि तीन मुलं ब्रातिस्लावात होती. तो घरी परतला.

सगळ्या लेखांत हे एका वाक्यात उरकतात आणि पुन्हा पीटरकडे वळतात. मी मात्र इथून पुढे सहज जाऊ शकत नाही. दोन धाकटे भाऊ पळाले आहेत, म्हणजे आपली चौकशी होणार, आपलं खेळणं संपणार, हे त्याला कळत नव्हतं असं कसं म्हणायचं? विश्वविजेता खेळाडू, वय २७, ऐन भरात. तरी गेला, कारण घरी चार जीव होते. व्हायचं तेच झालं. संघातून काढलं, खेळायला बंदी, वर सतत पाळत. ‘मोठा मागे राहिला’ असं कुणी लिहिलं की मला ते शब्द झोंबतात. मागे राहिला नाही हो, घरच्यांसाठी परत गेला.

तिकडे क्यूबेकमध्ये धाकट्यांनी नुसता धुमाकूळ घातला. २२ फेब्रुवारी १९८१, वॉशिंग्टनविरुद्ध, तेही त्यांच्याच मैदानात: पीटरचे चार गोल आणि चार पास, आंतोनचे तीन गोल आणि पाच पास. एकाच सामन्यात दोघांचे प्रत्येकी आठ पॉइंट! नॉर्डिक्सने सामना ११-७ असा जिंकला. त्या हंगामात पीटरने १०९ पॉइंट केले आणि सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेतली. त्याच महिन्यांत मारिआनला एकही सामना खेळू दिला जात नव्हता.

१९८१ च्या उन्हाळ्यात तो बायको-मुलांना घेऊन निसटला आणि क्यूबेकला पोहोचला. उजवी विंग पुन्हा त्याची झाली, तीन भाऊ पुन्हा एका लाइनमध्ये आले.

आता त्याचे आकडे बघा. एक आख्खा हंगाम स्पर्धात्मक हॉकी नाही. वय २८. नवा देश, नवी भाषा आणि युरोपपेक्षा लहान मैदान, जिथे अंगावर येणारा खेळाडू क्षणात पोहोचतो. अशा अवस्थेत पहिल्याच हंगामात ७४ सामन्यांत ८९ पॉइंट. पुढच्या हंगामात ६० सामन्यांत ७९. मग खेळ उतरत गेला, शेवटचा हंगाम टोरांटोकडून, आणि १९८६ मध्ये एनएचएल संपलं. एकूण २९४ पॉइंट. पीटरचे १२३९. झालं, लोकांनी निकाल लावून टाकला की मारिआन म्हणजे तिघांतला ‘कमी’ भाऊ.

पीटर तिथे पोहोचला तेव्हा चोवीसचाही नव्हता, आंतोन एकवीसचा. मारिआनचं ऐन तारुण्य ब्रातिस्लावात गेलं आणि शेवटचं एक वर्ष सरकारने हिसकावून घेतलं. हे सोडून नुसते तीन आकडे एकाखाली एक लिहिणं हा निव्वळ आळस आहे.

पीटरचं मोठेपण मला कमी करायचं नाही. ऐंशीच्या दशकात त्याच्यापेक्षा जास्त पॉइंट फक्त वेन ग्रेट्स्कीचे. १९८४ मध्ये तो कॅनडाकडून खेळला, १९९४ च्या लिलेहामर ऑलिंपिकमध्ये त्याने स्वतंत्र स्लोव्हाकियाचा झेंडा हातात घेतला, १९९८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. जोखीम त्यानेही घेतलीच होती, बायको गरोदर असताना. त्याच्या धाडसाला माझा सलाम आहे. पण त्या रात्री इन्सब्रुकमध्ये दोन धाडसं झाली, आणि माझ्या मते परत जाण्याचं धाडस जास्त अवघड होतं. बक्षीस मात्र एकालाच मिळालं.

आणि हो, आंतोन राहिलाच. ६५० सामने, ६३६ पॉइंट, म्हणजे सामन्यामागे जवळजवळ एक. दुसऱ्या कुठल्याही घरात हा घराण्याचा हिरो ठरला असता. त्याच्यावर कुणी धड चार ओळी लिहीत नाही. पुढची पोस्ट त्याच्यावरच.