राइट बंधूंची पत्रे आणि ‘निव्वळ जिद्दीचे’ विमान

प्रेरणादायी म्हणून समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या एका मजकुराचा आशय असा असतो : अमेरिकी शास्त्रज्ञ सॅम्युअल लँग्लेकडे पैसा, पद आणि सरकारचे पाठबळ असूनही त्याचे विमान पडले, उलट विल्बर आणि ऑर्व्हिल राइट हे अल्पशिक्षित सायकल-दुकानदार भाऊ पुस्तकाला हात न लावता, कोणाची मदत न घेता, निव्वळ जिद्दीवर उडाले. या भावांचा पत्रव्यवहार आणि टिपणे १९५३ मध्ये दोन खंडांत छापली गेली. ती चाळली तरी या मजकुराचा बराचसा भाग गळून पडतो.

लँग्लेविषयीचा भाग खरा आहे. अमेरिकी युद्धखात्याने त्याला ५०,००० डॉलर दिले होते आणि १९०३ च्या ऑक्टोबरात व डिसेंबरात त्याचे यंत्र दोनदा पोटोमॅक नदीत कोसळले. दोघा भावांपैकी कोणाकडेही माध्यमिक शाळेचे प्रमाणपत्र नव्हते, हेही खरे.

त्यावरून अभ्यास नव्हता, असे मात्र ठरत नाही. ३० मे १८९९ रोजी विल्बरने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या संशोधन संस्थेला पत्र लिहून उड्डाणाविषयी संस्थेने छापलेले साहित्य आणि इंग्रजीत उपलब्ध असलेल्या इतर ग्रंथांची यादी मागितली. आपण उत्साही आहोत, विक्षिप्त नाही, असेही त्याने त्यात बजावले. उत्तरादाखल पुस्तिका आल्या, यादीही आली. तेव्हा या संस्थेचा सचिव, म्हणजे प्रमुख, खुद्द लँग्लेच होता आणि आलेल्या पुस्तिकांत त्याचेही लेखन होते. ज्याला प्रतिस्पर्धी म्हणून रंगवले जाते, त्याच्याच दारातून यांच्या अभ्यासाची सामग्री आली, हे त्या मजकुरात कुठेच नसते.

‘मदतीशिवाय’ हा दावा तर त्याहून कच्चा आहे. १३ मे १९०० रोजी विल्बरने शिकागोचे अभियंते आणि उड्डाणाचे जाणकार अभ्यासक ऑक्टेव्ह शानूट यांना लिहिले की, माणसाला उडता येईल या समजुतीने मला काही वर्षे पछाडले आहे, हा आजार बळावतो आहे आणि तो पैसा किंवा जीवही घेईल. तिथून सुरू झालेला पत्रव्यवहार दहा वर्षे चालला.

राहिली जिद्द. भावांच्या १९०१ च्या ग्लायडरला (इंजिनाशिवाय तरंगणाऱ्या विमानाला) वर उचलणारे बल हिशेबाच्या जेमतेम एक तृतीयांश मिळाले. अशा वेळी जिद्दीने पुन्हा पुन्हा उडी मारण्याऐवजी त्यांनी प्रचलित आकडेच संशयास्पद मानले, आपल्या गावी, डेटनला, स्वतः विंड टनेल (वाऱ्याचा झोत सोडून पंख तपासण्याचा बोगदा) बनवले आणि पंखांचे सुमारे २०० आकार तपासले. पंखांवरील हवेच्या दाबाचा हिशेब करताना सर्रास वापरला जाणारा ०.००५ हा गुणांक (गुणायचा ठरावीक आकडा) त्यांच्या हिशेबाने ०.००३३ च्या आसपास यायला हवा होता. त्या हिवाळ्यात शानूट यांना गेलेली पत्रे अशाच मोजमापांनी आणि कोष्टकांनी भरलेली आहेत.

शानूट यांचे श्रेय फुगवायचेही कारण नाही. आपण त्यांचे निव्वळ शिष्य होतो असा समज पसरल्याची तक्रार विल्बरने जानेवारी १९१० मध्ये त्यांनाच लिहून कळवली. त्याआधी काही दिवस, संपत्तीच्या हव्यासाने तुमचा विवेक ढळला आहे, असे शानूट यांनी त्याला सुनावले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात शानूट वारले.