‘खाजेने कोणी मरत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. त्वचारोगांसाठी सरकारी धोरण हवं, असं मी लिहिलं होतं; त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा त्यातला एक मुद्दा पटला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: खाजेने कोणी मरत नाही, त्यामुळे त्वचेसाठी सरकारी धोरण मागणं म्हणजे कर्करोग-हृदयविकाराच्या रांगेत मध्येच घुसणं. लोकांनी स्वच्छता पाळावी, उरलेलं काम तज्ज्ञ मोबाइलवरचा फोटो बघून करतील. आणि माझा १८० कोटींचा आकडा फुगवलेला आहे.

आकड्याबाबत तुम्ही बरोबर आहात. कोणत्याही वेळी जगात सुमारे १८० कोटी लोकांना त्वचेची काही ना काही तक्रार असते, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. पण त्यात मुरमांपासून कुष्ठरोगापर्यंत सगळं एकाच पोत्यात आहे, आणि मी ते पोतं तसंच तुमच्यापुढे ओतलं. मुरमांनी वैतागलेला मुलगा आणि बोटं वाकडी होत चाललेला कुष्ठरुग्ण यांना एकत्र मोजून धोरण आखता येत नाही. चूक मान्य.

मरण्याचा मुद्दा मात्र मान्य नाही. फक्त मृत्यू मोजले तर त्वचा तळाला जाते, हे खरं. पण २०१० च्या जागतिक रोगभार अभ्यासात जिवंतपणी आजारात काढलेली वर्षं मोजली, तेव्हा त्वचारोग चौथ्या क्रमांकावर आले. शिवाय खाज खाजेपाशी थांबतेच असं नाही. खरूज झालेलं मूल खाजवतं, ओरखड्यात स्ट्रेप्टोकोकस जंतू शिरतो, फोड पिकतात आणि काही मुलांच्या मूत्रपिंडाला सूज येते. संधिवाती हृदयविकाराशीही (ज्यात हृदयाच्या झडपा खराब होतात) याचा संबंध असावा, असा संशय आहे. म्हणजे तुमच्याच रांगेतला एखादा पेशंट खरजेच्या वाटेने तिथे पोचलेला असू शकतो.

आता स्वच्छता. हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, आणि तो भारी पडतो, म्हणून इथे थोडा थांबतो. खरजेचा किडा साबणाला दाद देत नाही. तो कातडीत बीळ करून राहतो. पसरतो तो त्वचेला त्वचा लागून. एका खोलीत सहा माणसं झोपत असतील तर रोज दोनदा आंघोळ करूनही तो पसरेल. पहिल्यांदा लागण झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. म्हणजे एक जण दवाखान्यात येतो, तेव्हा घरातले बाकीचे किडा बाळगून असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. एकट्याला मलम दिलं, तर पंधरा-वीस दिवसांत खरूज पुन्हा हजर. मग ‘औषध कुचकामी’ किंवा ‘माणूस घाणेरडा’, यांपैकी एक शिक्का बसतो.

प्रशांत महासागरातल्या फिजीच्या बेटांवर हे तपासून पाहिलंय. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात खाज असो-नसो, सगळ्या वस्तीला आयव्हरमेक्टिन (किडा मारणारी, पोटात घ्यायची गोळी) दिलं, तिथे वर्षभरात खरजेचं प्रमाण ३२.१ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आलं. जिथे फक्त बाधित माणसं आणि त्यांच्या संपर्कातले यांना मलम दिलं, तिथे ते ३६.६ वरून १८.८ पर्यंतच उतरलं. साबण इथे कुठेच नव्हता.

फोटोवरून निदान मलाही आवडतं, पण त्याच्या मर्यादा आहेत. त्वचारोगाची पुस्तकं गोऱ्या कातडीच्या चित्रांनी भरलेली. काळ्यासावळ्या त्वचेवर लाली लाल दिसतच नाही, जांभळट किंवा तपकिरी दिसते. आणि कुष्ठरोगाच्या चट्ट्याची संवेदना गेली आहे का, हे कोणता कॅमेरा सांगणार? त्यासाठी कोणीतरी कापसाचा बोळा किंवा बॉलपेनचं टोक हळूच टेकवून विचारावं लागतं, ‘लागलं का?’ हे विचारायला त्वचातज्ज्ञ लागत नाही. बहुतेक तक्रारी मोजक्याच आजारांच्या असतात. आफ्रिकेतल्या माली देशात पहिल्या पायरीवरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना या मोजक्या आजारांचं छोटं प्रशिक्षण दिलं, तेव्हा निदान सुधारलं आणि औषधांच्या चिठ्ठीचा खर्चही घटला.

‘पैसा कुठून आणणार’ असं तुम्ही विचारलंत. काही गोष्टींना पैसा नाही, हिंमत लागते. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी ती तीन-इन-वन ट्यूब घ्या: बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि वर जोरदार स्टेरॉइड. नायट्यावर लावली की दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश. आत बुरशी मजेत पसरत असते, फक्त तिची कडा पुसट होते, आणि पुढच्या डॉक्टरला नायटा ओळखूही येत नाही. अशा ट्यूबला परवाना द्यायचा की नाही, हा निव्वळ सहीचा प्रश्न आहे. गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्याचंही तेच. त्यासाठी पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार २०१३ पासून आहे. तपासणी कोण करतं, एवढंच विचारायचं. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेने (जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने) त्वचारोगांना प्राधान्य देणारा ठराव केला. चांगलं झालं, पण ठरावाने ट्यूब शेल्फवरून उतरत नाही.

शेवटी तुम्ही मला कोंडीत पकडायला विचारलंत, ‘एकच गोष्ट करायची तर कोणती?’ माझं उत्तर कदाचित तुम्हाला क्षुल्लक वाटेल. औषधाची मागणी बहुतेक ठिकाणी रुग्णसंख्येवरून ठरते: एक नाव, एक ट्यूब. खरजेला हा हिशेब चालत नाही. मोठ्या माणसाला मानेपासून तळपायापर्यंत एकदा लावायलाच सुमारे ३० ग्रॅम मलम लागतं. आयव्हरमेक्टिन १५ किलोपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर बायकांना देत नाहीत, त्यामुळे मलमाशिवाय सुटका नाही. म्हणून दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये मी एकच रकाना वाढवेन: ‘घरात माणसं किती?’ आणि तो आकडा बघून, न आलेल्या माणसांचंही औषध हातात द्यायची मुभा नर्सला देईन.